डोलीची साक्ष : उत्तन किनाऱ्यावरील जवळा, बोंबील आणि बारीक आसाचा प्रश्न

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दप्तरे, ताम्रपट, नाणी आणि बखरी उभ्या राहतात. माशाचे पोट आणि मासे धरण्याचे जाळे ह्यांची गणना त्यांत सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात ह्या दोन उपेक्षित साधनांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश आपल्या अगदी दाराशी असलेला, मीरा-भाईंदरच्या पश्चिमेचा उत्तन किनारा हा होय. मीरा रोडच्या बाजारात सुकट आणि सुके बोंबील शेजारी-शेजारी रचलेले दिसतात. ही शेजारधर्माची जागा व्यापाऱ्याने नेमून दिलेली नाही. पाण्यातही ही दोन्ही अशीच एकत्र असतात, आणि त्यांतील एक दुसऱ्याचे अन्न आहे.

प्रश्न थोडक्यात असा. उत्तन, वसई, अर्नाळा ह्या पट्ट्यातील कोळी ज्या जाळ्याने मासेमारी करतात त्या डोलीच्या शेवटच्या भागाची वीण इतकी बारीक असते की, तिच्यातून बोटाच्या पेराएवढा जीवही निसटू शकत नाही. त्यामुळे जवळ्याबरोबर बोंबलाची आणि इतर माशांची पिल्लेही मोठ्या संख्येने मरतात. मत्स्यशास्त्रज्ञांचा ह्यावरील आक्षेप जुना आहे आणि तो खोटा नाही. परंतु त्याचे जे कारण बहुधा सांगितले जाते, म्हणजे कोळ्यांचे अज्ञान किंवा हव्यास, ते मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते बारीक आस हा मूळचा अज्ञानाचा नव्हे तर ज्ञानाचा पुरावा आहे. पुढे त्याचे जे झाले तो निराळा इतिहास आहे.

भक्ष्य कोणते हे ओळखून भक्षकाला पकडण्याची विद्या इंग्लंडातील ट्राउट माशाच्या शिकाऱ्यांनी विशेष वाढविली. तेथील चुनखडीच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नद्यांत गॅमॅरस नावाचा कोळंबीसारखा दिसणारा, बाजूने चपटा असा लहानसा कवचधारी प्राणी विपुल असतो. कवच बांधण्यास चुना लागतो, आणि तो ह्या पाण्यात भरपूर मिळतो. ट्राउट त्याच्यावर पोसतो. त्याच्या मांसाला येणारी गुलाबी छटा ही अशा कवचधारी भक्ष्यांतील रंगद्रव्यांमुळेच येते. व्यवसायाने वकील असलेले जी. ई. एम. स्क्यूस ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथातून पाण्याखालील भक्ष्याच्या नकलेचा पुरस्कार केला. हाडातील मगज काढण्याच्या लांबट चमच्याने ते पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील अन्न काढून पाहत असत. वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची सवय असते, ती त्यांनी माशावर चालविली असे म्हणावयास हरकत नाही. पुढे एव्हन नदीवरील रखवालदार फ्रँक सॉयर ह्यांनी तांब्याची तार आणि लोकरीचा धागा एवढ्याच सामग्रीतून एक गळ तयार केला. तो बहुतेक जाणकार ह्या गोड्या पाण्यातील कोळंबीसदृश प्राण्याची नक्कल मानतात. तार अशासाठी की गळ बुडावा. गॅमॅरस पृष्ठभागावर उडत नाही, तो तळाशी वावरतो. म्हणजे त्या नदीच्या तळाशी काय घडते ह्याची माहिती त्या तारेच्या वजनातच नोंदलेली आहे. गळ हे जसे साधन तसेच ते दस्तऐवजही होय.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १९०० साली तो काश्मीरमध्ये आणि त्यानंतर काही वर्षांनी निलगिरीत स्थिरावला. महाराष्ट्रातील नद्या त्याला मानवणाऱ्या नव्हेत. तेव्हा आपल्याकडे हाच प्रश्न विचारावयाचा तर गळाऐवजी जाळे, नदीऐवजी खाडीचे मुख आणि गॅमॅरसऐवजी जवळा घ्यावयास हवा. ही अदलाबदल वाटते तितकी दूरची नाही. बोंबलाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८२२ साली हॅमिल्टन ह्यांनी केले ते गंगेतील माशांवरील ग्रंथात, समुद्रावरील ग्रंथात नव्हे. बोंबील हा नदीमुखाच्या गढूळ, निमखाऱ्या पाण्याशी सलगी ठेवणारा मासा आहे. उत्तनच्या उत्तरेला उल्हास नदी वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिच्याबरोबर येणारे गोडे पाणी आणि गाळ ह्यांवर किनाऱ्याजवळील सूक्ष्म जीवसृष्टी पोसते आणि त्या सृष्टीवर जवळा.

जवळा म्हणजे कोळंबीचे पिल्लू नव्हे. हा गैरसमज शहरात इतका रूढ आहे की त्याचा येथे उल्लेख करणे भाग आहे. जवळा ही स्वतंत्र जात होय. मिल्न-एडवर्ड्स ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली तिला ॲसिटिस इंडिकस असे नाव दिले. पूर्ण वाढ झाली तरी तिची लांबी दोन ते चार सेंटिमीटरच भरते. खऱ्या कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याच्या शेवटच्या दोन जोड्या लुप्त झालेल्या असतात, आणि ह्या एका खुणेवरून तो ओळखता येतो. तो थव्यांनी राहतो आणि प्रवाहाबरोबर वाहतो. मराठी भाषेने हे फार नेमके टिपले आहे. बोंबील एक, दोन, दहा असे मोजता येतात, जवळा मोजला जात नाही. ‘जवळा आला’, ‘जवळा पडला’ असे आपण पावसासारखे एकवचनी बोलतो, आणि तो पाटीने मापतो. आग्नेय आशियात ह्याच वंशातील जीव मिठात कुटून आंबवतात आणि त्याचे बेलाचान करतात. आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून वैशाखापर्यंत कोरडे ऊन हमखास मिळते, म्हणून तो वाळवितात.

बोंबलाची घडण ह्याच्या अगदी उलट. तोंड मोठे, जबड्यांत आत वळलेले बारीक अणकुचीदार दात, आणि शरीर असे की त्याच्या वजनाचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग पाणीच. आत वळलेल्या दातांमुळे आत गेलेले भक्ष्य परत फिरत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवरील दोरीवर टांगतात, तेव्हा मासा मेल्यावरही तेच दात कामी येतात. इंग्रजीतील ‘बाँबे डक’ ह्या नावाची व्युत्पत्ती रेल्वेच्या डाकगाडीपासून लावण्याची एक हौस आहे. ती टिकण्यासारखी नाही. आगगाडी ह्या देशात १८५३ साली आली, आणि हे नाव १८१६ च्या एका इंग्रजी विडंबनकाव्यात आधीच छापलेले आहे.

बोंबील काय खातो ह्याचा शास्त्रीय अभ्यास मुंबईत स्वातंत्र्यानंतर लगेच झाला. बापट, बॅनर्जी आणि बाळ ह्यांचा बोंबलाच्या जीवनक्रमावरील लेख १९५१ साली भारतीय प्राणिशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात आला. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बापट ह्यांची बोंबलावरील स्वतंत्र पुस्तिका १९७० साली प्रसिद्ध केली. अशा अभ्यासांतून जे चित्र मिळते ते असे, की बोंबलाच्या आहारात जवळा आणि तत्सम लहान कोळंब्या ह्यांचे स्थान मोठे आहे. त्याखेरीज तो मांदेलीसारखे लहान मासे खातो, आणि स्वजातीची पिल्लेही सोडत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पिल्लांचा संहार करणारे केवळ जाळेच नव्हे.

येथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा उपस्थित होतो, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो परिचयाचा वाटेल. हे बोंबील मिळाले ते डोलीतून. डोल प्रवाहात काही तास उभी असते, आणि तिच्या टोकाशी बोंबील व जवळा दाटीवाटीने कोंडलेले असतात. भक्षक आणि भक्ष्य ह्यांना एका खोलीत बंद करून, नंतर भक्षकाच्या पोटात भक्ष्य सापडले म्हणून तो बाहेरही तेच खात होता असे म्हणता येईल काय? कैदेत घेतलेल्या जबानीला आपण जितके मोल देतो, तितकेच ह्या साक्षीला द्यावयास हवे. ह्यावर उपाय आहे. अर्धवट पचलेला जवळा हा कोंडण्यापूर्वीच खाल्लेला असला पाहिजे, आणि अगदी ताजा, अखंड जवळा संशयित मानावा. हा भेद केला तरीही जवळ्याचे महत्त्व नाहीसे होत नाही. तथापि केवळ पोटावर विसंबून निर्णय देण्याऐवजी दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधणे इष्ट. तो पुरावा म्हणजे स्वतः डोल.

डोलीचे सविस्तर वर्णन मुंबई राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. एस. बी. सेटना ह्यांनी १९४९ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केले. शीर्षकातच त्यांनी ह्या जाळ्याला कल्पक असे विशेषण दिले आहे, आणि ते उपचाराचे नाही. डोल ही एक प्रचंड शंकूच्या आकाराची पिशवी, साधारणतः चाळीस-पन्नास मीटर लांबीची. तोंडाशी तिचे आस इतके मोठे की माणसाचा हात सहज आत जावा. मागे जावे तसतसे ते लहान होत जातात आणि शेवटच्या भागात, ज्याला खोला म्हणतात, ते अगदी बारीक होतात. ही डोल ओढावयाची नसते. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना किंवा सुसांना ती दोरांनी बांधतात, वर पिंपे तरंगत ठेवतात, आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तिचे तोंड करतात. पाणी आत शिरते, जवळा आणि मासे त्याबरोबर येतात. प्रवाह मंदावला की तो उलटण्यापूर्वी डोल उचलावयाची, नाहीतर मिळालेले सारे पाण्याबरोबर परत जाईल. उधाणाला प्रवाह जोराचा म्हणून मासेमारी चांगली, भांगाच्या दिवसांत ती मंद. चंद्राच्या कलांवर चालणारा हा व्यवसाय आहे.

आता रचनेकडे पाहावे. तोंडाशी मोठे आस असताना लहानसा जवळा त्यांतून निसटून का जात नाही? कारण तो पोहत नाही, वाहतो. प्रवाहाचा ओघ पिशवीच्या अक्षाने मागे जातो आणि जवळा त्या ओघाबरोबर खोल्यापर्यंत पोचतो. मोठ्या आसांमुळे पाण्याचा दाब कमी होतो व जाळे फाटत नाही. म्हणजे ज्याने प्रथम अशी डोल विणली त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या : जवळा प्रवाहाधीन आहे, आणि बोंबील त्याच प्रवाहात त्याच्या मागे असतो. बोंबील एवढाच हवा असता तर खोल्याची वीण इतकी बारीक करण्याचे कष्ट कोणी घेतले नसते. केवळ जवळा हवा असता तर खाडीतील लहान बोक्शीने काम भागले असते. खोल समुद्रात, एवढ्या मोठ्या तोंडाची आणि एवढ्या बारीक शेपटाची पिशवी उभी करण्याला अर्थ येतो तो दोन्ही एकत्र मिळतात म्हणूनच. सॉयरच्या तारेत जशी नदीच्या तळाची नोंद आहे तशी डोलीच्या उतरत्या आसांत ह्या समुद्राच्या अन्नसाखळीची नोंद आहे.

ह्या अनुमानाला भूगोलाचा भक्कम आधार मिळतो. डोल सौराष्ट्रातील नवाबंदर-जाफराबादपासून उत्तर कोकणापर्यंत आढळते आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या पुढे दक्षिणेला ती दिसेनाशी होते. बोंबलाचा मोठा साठाही साधारणतः ह्याच मर्यादेत आहे, आणि जवळ्याचे भारतातील प्रमुख उत्पादनही महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन राज्यांचेच. भरतीची उंची खंबायतच्या आखाताकडून दक्षिणेकडे कमी कमी होत जाते आणि तिच्याबरोबर प्रवाहाचा जोरही घटतो. मासा, त्याचे भक्ष्य, जाळे आणि भरती ह्या चारही गोष्टींच्या सीमा एकमेकींशी इतक्या जुळाव्यात हा योगायोग नव्हे. गोव्याचा किंवा मालवणचा मच्छीमार डोल वापरीत नाही ह्याचे कारण त्याच्या जातीत किंवा परंपरेत शोधण्यापेक्षा प्रथम त्याच्या समुद्रात शोधावे.

लिखित साधनांत ह्या ज्ञानाचा मागमूस फारसा लागत नाही, आणि ह्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. साष्टी आणि धारावी बेटाचा हा भाग १५३४ नंतर पोर्तुगीजांकडे होता. उत्तनचा ख्रिस्ती कोळी समाज ही त्या काळाची ठळक खूण. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजांनी धारावी घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. तीन राजवटी बदलल्या. प्रत्येकीच्या दप्तरात ह्या किनाऱ्याची आठवण झाली ती किल्ला, मीठ आणि महसूल ह्यांच्या निमित्ताने. इंग्रजांच्या सागरी नकाशांवर मुंबईच्या आसपास मासेमारीचे खुंट दाखविलेले आढळतात, पण ते नौकानयनातील धोका म्हणून. ज्या खुंटावर एका कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा हक्क होता, तो नकाशाकाराच्या दृष्टीने जहाजाच्या तळाला लागणारा एक सोट होता. तरीही ही नोंद मोलाची आहे. डोलीच्या जागा कोठे होत्या हे त्या नकाशांवरून जुळवून पाहण्याचे काम कोणा विद्यार्थ्याने अंगावर घेतल्यास त्यातून चांगला प्रबंध सिद्ध होईल. १८८२ चे ठाणे गॅझेटियर आणि सोर्ले ह्यांचा १९३३ चा मुंबई इलाख्याच्या मत्स्यव्यवसायावरील अहवाल ही दोन साधने त्याच्या जोडीला घ्यावीत.

येथवर जे म्हटले त्यावरून बारीक आस पूर्वापार होता म्हणून तो आजही निर्दोष आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर ती घाई ठरेल. डोल तीच दिसते, पण ती तीच राहिलेली नाही. पूर्वी ती सणाच्या दोरीची असे. सण सोलणे, कातणे, विणणे ही कामे घरातल्या सर्व हातांना पावसाळाभर पुरत. झाडाच्या सालींच्या काढ्यात ती वारंवार बुडवावी लागे, वाळवावी लागे, आणि तरीही ती कुजे. जितकी वीण बारीक तितके सूत अधिक, कष्ट अधिक, आणि पाण्यात जाळ्याचे ओझेही अधिक. म्हणून बारीक खोल्याची लांबी आणि एका नावेमागे असणाऱ्या डोलींची संख्या ह्यांना श्रमाचीच मर्यादा पडत असे. कोणी कायदा केला नव्हता. कायद्याचे काम सण करीत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनसारखे कृत्रिम धागे आले आणि नावांना यंत्रे बसली. धागा कुजेना, बारीक जाळे यंत्रावर विणून विकत मिळू लागले, आणि नाव अधिक दूरच्या, अधिक खोल पाण्यात अधिक डोली लावू लागली. डोलीच्या जागा किनाऱ्यापासून दूर सरकल्या तसे उत्तन-वसईकडील आणि सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांमध्ये हद्दीचे वादही वाढले. आकृती जुनी राहिली, पण तिला आवर घालणारी अडचण गेली. बारीक आस उपद्रवी ठरला तो ह्या टप्प्यावर, आणि इतिहासाने दोष द्यावयाचाच असेल तर तो आसाला नव्हे, ह्या बदलाला द्यावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. ट्रॉल जाळ्यांनी तळ खरवडण्यास सुरुवात केली ती ह्याच काळात. ती गोष्ट सर्वश्रुत असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही.

शासनाचे धोरण ह्या बाबतीत माशागणिक चालते. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने राज्याला जाळ्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. २०२३ साली महाराष्ट्राने पन्नासाहून अधिक जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. ट्रॉल किंवा गिलजाळे ह्यांच्या बाबतीत हा विचार पटण्यासारखा आहे. डोलीपुढे मात्र तो अडखळतो. डोल मासा निवडीत नाही, ती पाणी गाळते. बोंबलाची पिल्ले सुटावीत म्हणून खोल्याची वीण मोठी केली की त्याच क्षणी जवळा सुटतो, कारण पूर्ण वाढलेला जवळा हा बोंबलाच्या पिल्लापेक्षाही लहान आहे. वाढलेले भक्ष्य आणि न वाढलेला भक्षक ह्यांना वेगळे करणारा आस अस्तित्वातच नाही. ऋतू व जागा ह्यांच्या भेदाने, म्हणजे पिल्लांची दाटी असलेल्या महिन्यांत व त्या पाण्यात जवळ्याच्या डोली न लावण्याने, काही साधता येईल. परंतु ते महिने आणि ते पाणी कोणते हे सांगू शकणारी माणसे किनाऱ्यावरच आहेत.

जवळा सोडून द्या, बोंबील वाचवा, असा सोपा सल्ला देणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. ओला बोंबील आज शहरी ताटातला पदार्थ झाला आहे. सुका जवळा अजूनही आगोटीच्या बेगमीत भरला जातो आणि घाटावरच्या आठवडी बाजारांत पोचतो. ज्यांच्या घरी पावसाळ्याचे चार महिने दुसरी मासळी येत नाही त्यांच्या भाकरीबरोबर तो असतो. जवळ्याला डोलीतून वगळणे म्हणजे त्या घरांतून वगळणे होय. उलट, जवळा अमर्याद उपसला तर बोंबलाचे अन्नच काढून घेतले जाते, आणि मग पिल्ले सोडली काय नि धरली काय, फरक उरत नाही. ह्या दोन बाजूंत मत्स्यशास्त्राचा आजवरचा भर पहिल्या हानीवर, म्हणजे पिल्लांवर राहिला. दुसऱ्या हानीचे मोजमाप करावयाचे तर बोंबील किती पडला एवढ्यावर न थांबता त्याच पाण्यात त्याच भरतीला जवळा किती पडला हेही लिहून ठेवावे लागते.

उत्तनला डोल रिकामी झाल्यावर निवडीचे काम बायका करतात. खोल्यातून आलेला ढीग त्यांच्या हातांखाली काही वेळातच वेगळा होतो : बोंबील वलांडीकडे, मांदेली एकीकडे, जवळा उन्हात पसरण्यासाठी, आणि चेंगरलेली बारीक पिल्ले खतासाठी. वसईच्या बागायतीत सुक्या मासळीचे खत घालण्याची चाल जुनी आहे, आणि खतात गेलेल्या त्या पाटीत काय काय होते ह्याची नोंद बाजाराच्या कोणत्याही वहीत नसते. ती पाटी भरण्यापूर्वी मोजली गेली, तर स्क्यूस ह्यांचा चमचा आणि आपली डोल ह्यांच्यात जे अंतर आज दिसते ते पुष्कळसे कमी होईल.